ॲनाकोंडा माणसाळतो म्हणजे नेमकं काय होतं?

(दर्यापूर येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. श्रोत्यांचे प्रश्न चिठ्ठ्यांवरून घेतले आहेत.)



विषय जाहीर झाल्यापासून बनोशाकडे एक चेष्टा फिरते आहे, ती आमच्यापर्यंत पोचली. "इथं माणसाले प्यायले पाणी पुरत नाही, अन् हे सापाले पोहाले टाकं बांधा म्हणतीन." चेष्टा रास्त आहे. आपला हा खारपाणपट्टा. बोअर मारली की खारट पाणी लागतं, गोड पाणी लांबून नळानं यायचं. आणि ॲनाकोंडा म्हणजे आयुष्याचा मोठा भाग पाण्यात काढणारा साप. तेव्हा तो पाळा असं सांगायला आम्ही इथं आलेलो नाही.

मग हा विषय कशाला? एप्रिल २०२४ मध्ये बेंगळुरू विमानतळावर कस्टम्सवाल्यांनी बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या बॅगेतून १० पिवळे ॲनाकोंडा बाहेर काढले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बिस्किट-केकच्या पुड्यांमध्ये लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक सापडले, तेही बँकॉकहूनच. एवढी जोखीम घेऊन माणूस साप आणतो, म्हणजे पलीकडे पैसे मोजणारं गिऱ्हाईक आहे. हे झालं शहरातलं. आपल्याकडे ॲनाकोंडा येतो तो मोबाईलवर. परदेशातला कुणीतरी सोफ्यावर बसलाय, मांडीवर १२ फुटी साप, शेजारी लेकरू खेळतंय. तो व्हिडिओ पाहून आपला पोरगा नाल्याकाठी सापडलेला अजगर गळ्यात घालून रील काढतो. दोघांची समजूत एकच असते: साप शांत आहे, म्हणजे त्याला चालतंय. आज बोलायचं आहे ते या समजुतीबद्दल.

आधी जनावराची ओळख. ॲनाकोंडा दक्षिण अमेरिकेतला. पाळणाऱ्यांकडे त्याच्या मुख्यतः दोन जाती दिसतात, हिरवा आणि पिवळा. हिरवा ॲनाकोंडा वजनाच्या हिशेबानं जगातला सगळ्यात भारी साप. मोठी मादी १५ फुटांच्या आसपास किंवा त्याहून लांब भरते आणि मांडीपेक्षा जाड असते. १९९७ च्या सिनेमात दाखवला तसला राक्षस मात्र कुठंही नाही. पिवळा त्या मानानं लहान, मादी साधारण १० ते १२ फूट. तो पॅराग्वे नदीच्या खोऱ्यातल्या दलदलीत राहतो. दोन्ही जातींत मादी नरापेक्षा खूप मोठी. दोन्ही अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे सगळं शरीर पाण्याखाली ठेवून फक्त तेवढंच वर काढता येतं. काठावर पाणी प्यायला आलेलं जनावर पाण्यातून पकडायचं, ही त्याची शिकारीची रीत. ही रीत ध्यानात ठेवा. त्याच्या स्वभावातलं निम्मं तिथूनच येतं.

नावाची एक गंमत सांगतो. आपल्याकडे मोठा अजगर निघाला की लोक म्हणतात "ॲनाकोंडा निघाला", आणि शिकलेली पोरं त्यांना हसतात. पण हा शब्द दक्षिण अमेरिकेतला नाहीच. तो श्रीलंकेकडून युरोपात गेला. जॉन रे या इंग्रज निसर्ग-अभ्यासकानं १६९३ साली सापांची जी यादी छापली, तिच्यात तो सिलोनच्या सापाचं नाव म्हणून येतो. पुढे तो अमेरिकेतल्या सापाला चिकटला. सिलोनचा तो मोठा साप म्हणजे बहुधा अजगरच. तेव्हा आपल्या म्हाताऱ्यांना फार हसू नका.

तर आता स्वभाव.

सापाला स्वभाव असतो का, असं विचारलं तर आमचं उत्तर हो असं आहे. एकाच विणीतली दोन पिल्लं घ्या, एक हात दिसला की फुसकारतं, दुसरं गुपचूप वेटोळ्यात डोकं घालतं, आणि हा फरक बराच काळ टिकतो. कॅनडातल्या संशोधकांनी २०२० साली गार्टर स्नेक या छोट्या सापांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काही साप धीट, काही बुजरे, आणि ते पुन्हापुन्हा तसेच वागताना दिसले. ठरावीक सोबत्यांजवळ राहणंही ते पसंत करत होते. म्हणजे साप म्हणजे नुसती चालणारी दोरी, हे खरं नाही. पण त्यावरून "तो मला ओळखतो, माझ्यावर जीव लावतो" इथवर उडी मारता येत नाही. कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या अंगणात वाढला. माणसाशी जुळवून घेणारा तो निवडला गेला. ॲनाकोंडाच्या मागं अशी एकही पिढी नाही. पिंजऱ्यात जन्मलेला असला तरी आतून तो दलदलीतलाच.

मग माणसाळतो म्हणजे काय होतं? तर भीती बोथट होते. पहिल्यांदा हात लागला तेव्हा त्याला वाटलं, आता खाणार आपल्याला. दहाव्यांदा लागला, काही झालं नाही. पन्नासाव्यांदा लागला, त्यानं दखल घ्यायचं सोडलं. शेतात रोज मोटरपंप सुरू होतो आणि बाजूच्या तुरीतले बगळे उडतही नाहीत. त्यांना पंपाचा लळा लागला म्हणत नाही आपण. सापाचं तसंच. हे कमी आहे असं आम्ही म्हणत नाही. एवढं जरी झालं तरी पिंजरा साफ करता येतो, डॉक्टरला दाखवता येतं, जनावराचा जीव सारखा टांगणीला लागत नाही. पण हे फक्त भीतीपुरतं आहे. भुकेला सवय लागत नाही. माणसाळलेला साप भुकेला असला तर तो भुकेलाच असतो.

आता ॲनाकोंडा चिडका असतो अशी जी ख्याती आहे तिच्याकडे येऊ. मोठे साप पाळणारी मंडळी ब्रह्मदेशी अजगराला शांत म्हणतात आणि पिवळ्या ॲनाकोंडाला नाठाळ म्हणतात. ख्याती अगदी खोटी नाही, पण तिच्यामागची कारणं सुटी करून पाहावी लागतात. एक तर पूर्वी विकायला यायचे ते पुष्कळसे जंगलातून पकडलेले. अंगात जंत, तोंडात जखमा, आठवडाभर पोत्यात कोंडलेले. असा साप चावणार नाही तर काय करील. दुसरं, पिल्लू. पिवळ्या ॲनाकोंडाचं पिल्लू जन्मतः दीड-दोन फुटांचं असतं. त्या दलदलीत बगळे, मगरींची पोरं, मोठे मासे, सगळे त्याला खायला टपलेले. जे पिल्लू वरून येणाऱ्या सावलीला चावा घेत नाही ते जगत नाही. आपला हात वरून येतो. त्याला तो बगळाच.

तिसरं कारण पाणी. इथं नवखा हमखास चुकतो. ॲनाकोंडा जमिनीवर आणि ॲनाकोंडा पाण्यात ही जवळजवळ दोन जनावरं समजा. जमिनीवर मोठ्या मादीला स्वतःचं वजन ओढवत नाही, ती पळायला बघते, डोकं लपवते, अंगातून घाण वासाचा स्राव सोडते. तो वास एकदा शर्टाला लागला की घरची माणसं शर्ट बाहेरच वाळत घालायला लावतात. पण तीच मादी टाक्यात असताना पाण्याला धक्का लागला, वर काही हललं, की तिच्यासाठी ती काठावर आलेली शिकार असू शकते. दहा महिने जो साप हातात नीट राहिला, तो अकराव्या महिन्यात टाक्यात हात घातल्यावर पकडतो, आणि मालक म्हणतो, फिरला. फिरला वगैरे काही नाही. तो आधीपासून तसाच होता, हात पहिल्यांदाच चुकीच्या जागी गेला.

म्हणून सापाचा चावा कुठल्या जातीचा, हे ओळखता आलं पाहिजे. भीतीचा चावा असतो तेव्हा आधी सूचना मिळते. मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडते, श्वास जोरात, फुसकारा, मग झटका आणि लगेच माघार. कधीकधी तोंडही उघडत नाही, नुसती धडक. भुकेचा चावा मुकाट्यानं येतो. फुसकारा नाही, काही नाही. जीभ भराभर लवलवते, डोकं हळूहळू तुमच्याकडे वळतं, आणि एकदा पकडलं की सुटत नाही, पाठोपाठ विळखा येतो. फुसकारणाऱ्या सापाला लोक भितात आणि मुकाट बघणाऱ्याला शांत म्हणतात. मोठ्या सापाच्या बाबतीत आम्ही उलट करू.

विळख्याबद्दलही एक गोष्ट दुरुस्त करून घ्या. आपण म्हणतो, हाडं मोडतात, श्वास कोंडतो. २०१५ साली अमेरिकेतल्या डिकिन्सन कॉलेजच्या संशोधकांनी बोआ सापावर प्रयोग केले. बोआ म्हणजे ॲनाकोंडाचा जवळचा नातेवाईक. त्यांना दिसलं की विळखा पडल्यावर काही सेकंदांतच उंदराचा रक्तदाब निम्म्यावर येतो. म्हणजे रक्ताभिसरण थांबतं, आणि श्वास कोंडण्याच्या आधीच शुद्ध जाते. याचा गळ्याशी काय संबंध ते सांगतो. आपल्या मेंदूला रक्त नेणाऱ्या नसा मानेत दोन्ही बाजूंना कातडीजवळच आहेत. गळ्यात घातलेल्या सापाला तुम्हाला मारायचं नसतं. त्याला फक्त पडायचं नसतं. आधार सुटतोय असं वाटलं की तो पकड घट्ट करतो, फांदीवर करतो तशी. १० फुटी सापाची ती पकड सोडवायला एका माणसाचे दोन हात पुरत नाहीत, आणि ती पडते नेमकी मानेवर. घरात पाळलेल्या मोठ्या सापांनी माणसं मारल्याच्या ज्या घटना नोंदल्या गेल्या, त्यांतल्या दोन लहान लेकरांच्या आहेत. २००९ मध्ये फ्लोरिडात एक दोन वर्षांची मुलगी, २०१३ मध्ये कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकमध्ये झोपेतले दोन भाऊ. दोन्हीकडे साप अजगराच्या कुळातले होते, आणि दोन्हीकडे ते रात्री कोंडलेल्या जागेतून सुटले होते.

तर हाताळायचं कसं? ज्यांच्याकडे कायदेशीर विदेशी साप आहे, किंवा प्राणिसंग्रहालयात काम करायचं आहे, त्यांच्यासाठी सांगतो. बाकीच्यांनी ऐकून ठेवा, अजगराला पण हेच लागू आहे.

सगळ्यात आधी वास. साप जिभेनं हवेतले कण गोळा करतो आणि टाळूतल्या जेकबसन नावाच्या अवयवाला पोचवतो. आपण काय खाल्लं, कुणाला शिवलो, हे त्याला तिथं कळतं. आपल्याकडे सकाळी कोंबड्या सोडायच्या, शेळीला चारा टाकायचा आणि मग तसाच हात दुसऱ्या कामाला लावायचा ही रोजची रीत. तो हात सापाच्या नाकाशी गेला तर तुम्ही त्याच्यासाठी कोंबडी आहात. साबणानं धुवा, कोपरापर्यंत. नंतरही धुवा, कारण सापाच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात, घरात तान्हं मूल किंवा आजारी म्हातारं असेल तर ते महागात पडतं.

दुसरं, निरोप द्या. पिंजऱ्याचं दार फक्त खायला घालतानाच उघडत असाल, तर साप शिकतो: दार उघडलं म्हणजे जेवण. म्हणून जाणती माणसं हात घालण्याआधी लांब हूकनं सापाच्या अंगाला, मध्यावर, हलकेच टोचतात. रोज. हूक लागला म्हणजे आज जेवण नाही, उचलणार आहेत. साप हे शिकतो, आणि आमच्या मते सापाच्या सगळ्या "शिक्षणा"त खरं उपयोगाचं एवढंच आहे. काही लोक खायला घालायला सापाला वेगळ्या डब्यात नेतात. लहान सापाला चालतं. ८-१० फुटी भुकेला साप, ज्याला शिकारीचा वास आधीच लागलाय, तो उचलून इकडून तिकडे नेणं आम्हाला शुद्ध वेडेपणा वाटतो. जागच्या जागी लांब चिमट्यानं, मेलेली शिकार द्यावी.

ॲनाकोंडा पाण्यात असेल तर हात घालायचा नाही. आधी टाक्याचं पाणी उतरवायचं, हूकनं निरोप द्यायचा, मग बाजूनं जायचं, डोक्यावरून कधीच नाही. अंग दोन-तीन ठिकाणी तळहातावर तोलायचं, मुठीत आवळायचं नाही. मुंडी धरायची नाही. मुंडी धरली की साप जिवाच्या आकांतानं पीळ मारतो. ते डॉक्टरनं तपासताना, गरज पडली तर. आठ फुटांच्या वर साप गेला की एकट्यानं हात लावायचाच नाही. दुसरा माणूस हजर हवा, नुसता घरात नाही, त्याच खोलीत, आणि तो शेपटीकडे. त्याहून मोठ्याला तिसरा.

केव्हा हात लावायचा नाही, हेही तेवढंच महत्त्वाचं. खाल्ल्यावर किमान दोन दिवस नाही, नाहीतर ओकून टाकतो, आणि ओकणं सापाच्या अंगाला फार लागतं. कात टाकायच्या आधी डोळ्यांवर दुधट-निळसर साय येते, तेव्हा त्याला दिसत नाही, तेव्हा नाही. गाभण मादीला नाही. आणि १०-१५ मिनिटांच्या वर नाही.

व्हेनेझुएलातल्या यानोस या पाणथळ गवताळ प्रदेशात हेसुस रिव्हास या संशोधकानं १९९० च्या दशकापासून शेकडो हिरवे ॲनाकोंडा पकडून मोजले. ते अनवाणी पायांनी चिखलात चाचपत साप शोधायचे. सापडल्यावर तोंडावर मोजा चढवायचा, पायात घालायचा साधा मोजा, आणि वरून चिकटपट्टी. डोळे झाकले की साप निवळतो. काम झालं की सोडून द्यायचं. एवढा सराव असलेल्या चमूतल्या माणसावरही ॲनाकोंडानं शिकार समजून झेप घेतल्याची नोंद त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. आणि पकडलेल्या सापाला त्यांनी गळ्यात घालून घरी नेलं नाही.

आता आपल्या पोरांकडे येऊ. एका चिठ्ठीत लिहिलंय, "सर, अजगर गयात टाकला तरी गुमान राह्यते. मंग त्याले तरास कसा?"

बाबू, तो गुमान राहतो त्याची कारणं मोज. पहाटे सापडला असेल तर अंग गार असतं, सापाला गरमी बाहेरून घ्यावी लागते, गार साप हलू शकत नाही. पोटात ससा किंवा रानडुकराचं पिल्लू असेल तर जड झालेला असतो. तासभर पोत्यात ओढाताण झाली असेल तर दमलेला असतो. आणि भ्यालेला साप निपचित पडतो, तो त्याचा शेवटचा उपाय. चारही वेळा तुला दिसेल ते एकच: गुमान साप. भ्यालेल्या सापाची जीभ जवळपास थांबलेली असते, अंग ताठ, डोकं आत ओढलेलं. हे मोबाईलच्या फोटोत दिसत नाही. जो साप पिंजऱ्यात वाढला त्याची भीती पन्नास वेळा हात लागून बोथट झालेली असते. तुझ्या अजगराला आज पहिला हात लागलाय. माणसाळण्याचा पहिला दिवस आणि शेवटचा दिवस यांत तुला फरक करता येत नसेल, तर हात लावू नको.

याच्यापुढची गोष्ट मात्र जिवाची आहे. मेळघाटातून उतरणाऱ्या नद्या-नाल्यांच्या काठानं अजगर खाली येतो हे खरं. पण कपाशीत, पऱ्हाटीच्या ढिगात, तुरीच्या गंजीखाली तुम्हाला जे जाड, ठिपक्यांचं, आळशी जनावर दिसतं ते पुष्कळदा अजगराचं पिल्लू नसतं. ती परड असते. पुण्याकडे घोणस म्हणतात तीच. जहाल विषारी. "अजगराचं पिलू हाय" म्हणून परड हातात घेतलेली माणसं दवाखान्यात येतात, आणि काही परत जात नाहीत. परडीच्या अंगावर साखळीसारखे लंबगोल ठिपके, तीन ओळींत, बऱ्यापैकी सारखे. डोकं त्रिकोणी, मान बारीक, आणि कुकरची शिट्टी व्हावी तसा लांब फुसकारा. अजगराचे डाग मोठे, वाकडेतिकडे, एकाचं दुसऱ्याला जुळत नाही, डोक्यावर बाणासारखी खूण. आम्ही हे सांगतो ते लांबून बघण्यासाठी. हातात घेऊन ताडून बघायला नाही.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांचं उदाहरण सर्पमित्र पोरं नेहमी देतात. १९८० साली ते ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास एका काचेच्या खोलीत राहिले. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पण त्यांना दाखवायचं काय होतं? छेडल्याशिवाय साप चावत नाही, हे. म्हणजे ती सापाला न छेडण्याची गोष्ट होती. तिचा दाखला देऊन आपण साप छेडत असू, तर काहीतरी उलटं झालंय.

कायद्याचं थोडक्यात. भारतीय अजगर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाबरोबर. पकडणं, पाळणं, दोन्ही गुन्हा, आणि शिक्षा किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत. "मी मारला थोडीच, फोटोच काढला" हा बचाव धरून बसू नका. ॲनाकोंडा मात्र आपल्या देशातला नाही, त्याचा हिशेब वेगळा. २०२२ च्या दुरुस्तीनं कायद्यात चौथी अनुसूची आली, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या विदेशी जातींची. ॲनाकोंडा तिच्यात येतो. २८ फेब्रुवारी २०२४ ला नियम निघाले. असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्यानं "परिवेश" पोर्टलवर नोंद करायची, आणि पुढे हस्तांतर, जन्म, मृत्यू सगळं कळवायचं. म्हणजे बंदी नाही, पण कागद लागतात. बँकॉकच्या बॅगेतून आलेल्या सापाला कागद नसतात. आणि जन्माचं म्हणाल तर, एकटी मादी ठेवली म्हणून निश्चिंत होऊ नका. बोस्टनच्या मत्स्यालयात २०१९ मध्ये फक्त माद्यांसोबत राहिलेल्या एका हिरव्या ॲनाकोंडानं पिल्लं दिली, नराशिवाय.

चिठ्ठी: "आपल्या इथल्या हवेत ॲनाकोंडा जगेल का?"

कूलर आणि हीटर दोन्ही लावून जगेल. त्याला दिवसा २८-३२ अंश लागतात. आपल्याकडे मे महिन्यात ४५ होतं आणि डिसेंबरच्या रात्री थंडी वाजते. पाण्याचा हिशेब करू. वाढलेल्या पिवळ्या मादीला २ मीटर लांब, १ मीटर रुंद, अर्धा मीटर खोल टाकं धरा. झालं १००० लिटर. साप त्याच पाण्यात घाण करतो, म्हणजे ते सारखं उपसायचं. उन्हाळ्यात नळ किती दिवसांनी येतो ते तुम्हीच सांगा. ती चौकातली चेष्टा रास्त आहे असं आम्ही सुरुवातीला म्हटलं ते यासाठी. कोंदट, घाण पाण्यात ठेवलेल्या सापाला फुप्फुसाचा आणि कातडीचा आजार होतो, आणि आजारी साप चिडका होतो. म्हणजे स्वभाव बिघडला असं ज्याला म्हणतात ते पुष्कळदा टाकं बिघडलेलं असतं.

चिठ्ठी: "नकोसा झाला तर शहानूर धरणात सोडता येईल का?"

नाही, हा विचार मनातही आणू नका. फ्लोरिडात पाळलेले ब्रह्मदेशी अजगर सुटले, सोडले गेले, आणि तिथल्या एव्हरग्लेड्स दलदलीतले ससे-रॅकूनसारखे प्राणी जवळपास दिसेनासे झाले. त्याचा धसका घेऊन अमेरिकेनं २०१२ मध्ये चार जातींची आयात बंद केली, त्यात पिवळा ॲनाकोंडा होता. २०१५ मध्ये हिरवाही त्या यादीत गेला. नको असेल तर वनविभागाला कळवा. वनविभागाचा हेल्पलाइन नंबर १९२६. घरात, वावरात अजगर निघाला तरी हाच. तोवर लांबून लक्ष ठेवा, कुत्री बांधा, गर्दी हटवा.

शेवटची चिठ्ठी एका ताईंची आहे. "बिनविषारी आहे म्हणता, मग चावला तर काय करायचं?"

ताई, आधी कोणता साप ते नक्की नसेल तर विषारी समजूनच सरळ दवाखाना गाठायचा. घासायचं नाही, कापायचं नाही, बांधायचं नाही. नक्की अजगर किंवा ॲनाकोंडाच असेल तर त्याचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात, वर चार ओळी, खाली दोन. हात मागं ओढला की मांस फाटतं. तेव्हा ओढू नका. विळखा असेल तर दुसऱ्या माणसानं शेपटीच्या टोकापासून उलगडत यायचं, डोक्याकडून कधीच नाही, डोक्याकडे ताकद जास्त असते. तोंड सुटत नसेल तर त्याच्या तोंडाच्या कडेला थोडं स्पिरिट किंवा हाताला लावायचं सॅनिटायझर सोडायचं, साप पकड ढिली करतो. मग जखम साबणाच्या पाण्यानं भरपूर धुवायची, आणि सरकारी दवाखान्यात जाऊन धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. डॉक्टरांना सांगा, आत मोडलेले दात राहिलेत का बघा. ते बारीक असतात, सुईच्या टोकाएवढे, आणि राहिले तर आठवड्याभरानं तिथं पू धरतो.